स्टीफन हिस्लॉप : आधी ऐकणारा मिशनरी

चंद्रपूर-गडचिरोलीहून शिक्षणासाठी नागपूरला गेलेल्या बहुतेकांना हिस्लॉप कॉलेज ठाऊक असते. १८८३ साली सुरू झालेल्या या ख्रिस्ती महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले, त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा आपल्या जंगलपट्ट्याशी जवळचा संबंध होता.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. एडिंबरो आणि ग्लासगो येथे शिक्षण घेऊन ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रॉटेस्टंट पंथाचे मिशनरी झाले. १८४५ साली पत्नी इरॅस्मा यांच्यासह ते नागपूरला आले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी मराठी शिकून घेतली, शाळा काढली आणि हिवाळ्यात गावोगाव फिरून सुवार्ता सांगितली.

या फिरतीत त्यांचे लक्ष दगडांकडेही असे. चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली आणि सिरोंचाजवळचे कोटा येथील जीवाश्मांमुळे त्यांचे नाव युरोपातील शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचले. पण त्यांचे त्याहून मोलाचे काम माणसांविषयी होते.

त्या काळी शहरातील अनेकांच्या लेखी गोंड म्हणजे केवळ रानटी लोक. हिस्लॉप यांनी मात्र त्यांच्याजवळ बसून विचारपूस केली. हे लोक स्वतःला कोइतोर म्हणवतात, त्यांच्यात साडेबारा जाती मानल्या जातात, लग्न कसे होते, मृताला निरोप कसा देतात, देव कोणते, हे सारे त्यांनी टिपून ठेवले. वेगवेगळ्या जमातींच्या बोलींतील शब्दांच्या याद्या केल्या. गोंडांची गीते गाणाऱ्या प्रधानाकडून लिंगोची दीर्घ कथा मूळ गोंडी शब्दांत उतरवून घेतली. या कथेत लिंगो मारला जातो, पुन्हा जिवंत होतो आणि गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवतो. ज्यांना आपण शिकवायला आलो, त्यांच्याजवळही सांगण्यासारखे काही आहे, हे हिस्लॉप यांनी ओळखले. त्यांच्या लिखाणात त्या काळातील युरोपीय माणसाचे पूर्वग्रह अधूनमधून दिसतात. तरीही ऐकण्याचे कष्ट त्यांनी टाळले नाहीत.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. तेथील शाळा तपासण्यासाठी ते मागे थांबले. परतताना अंधारात, पुराने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. घोडा एकटाच परत आला, तेव्हा शोध सुरू झाला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

त्यांचे टिपण अपुरेच राहिले होते. ते कागद धूळ खात पडले असते, तर ती कथा आणि ते शब्दही हरवले असते. परंतु मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ते संपादित करून १८६६ साली छापले. गोंडांचा अभ्यास करणारे आजही त्या पुस्तकाकडे वळतात.

ज्याला आज आपण समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र म्हणतो, त्याच वाटेवरचे हे काम होते. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले, की श्रद्धावंतांची काळजी वाहताना ईशज्ञानाबरोबर मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचाही उपयोग करावा. म्हणजे माणसाचा अभ्यास श्रद्धेच्या आड येत नाही. प्रीती डोळस व्हावी म्हणून तो मदतच करतो.

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी हे विषय घेऊ म्हणाली, की आपण लगेच विचारतो, याने पोट भरेल का? प्रश्न रास्त आहे. पण त्याबरोबर दुसराही विचारावा : व्यसनात अडकलेला बाप, शाळा सोडलेले आश्रमशाळेतील मूल, मनाने खचलेली आई, यांचे ऐकून घ्यायला शिकलेले माणूस आपल्या धर्मग्रामाला नको का?

आणि आपण मोठ्यांनी स्वतःला विचारावे : शेजारच्या गोंड, माडिया बांधवांच्या भाषेतले किती शब्द आपल्याला येतात? प्रभू येशूने विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीशी बोलताना आधी तिच्याकडे पाणी मागितले. आपणही शिकवण्याआधी मागायला आणि ऐकायला शिकू या.