अर्थवेत्ते बाबासाहेब आणि सोलापूरचे वसतिगृह

४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांच्या अन्नवस्त्राचा आणि वह्या-पुस्तकांचा भार सभेने उचलला; सोलापूर नगरपालिकेनेही दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. सभेमागील प्रेरणा असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी अवघे तेहतीस वर्षांचे होते. रयतेकडून गोळा होणारा पैसा अखेर कोणाच्या कामी येतो, या प्रश्नाच्या अध्ययनात त्यांची त्याआधीची दहा वर्षे गेली होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम. ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा व अर्थव्यवहाराचा प्रबंध लिहिला. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य गेले, परंतु तिच्या कर्जाचा बोजा ब्रिटिश पार्लमेंटने भारतीय रयतेच्या माथी ठेवला, हा अन्याय त्यांनी त्यात उघड केला. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला; तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. मधल्या काळात, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एससी. ही पदवी मिळवून दिली.

ही विद्या त्यांनी ग्रंथालयात बंदिस्त ठेवली नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य म्हणून अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी करपद्धतीतील विषमतेवर बोट ठेवले. ठरावीक मर्यादेखालील उत्पन्नाला प्राप्तिकर माफ होता. शेतकऱ्याला मात्र उत्पन्न कितीही तुटपुंजे असो, शेतसारा चुकत नव्हता. शिक्षणाच्या मागणीवर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. इलाख्यात शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च होत, तर अबकारी करापोटी माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल होत. दारूच्या वाटेने जेवढे घेतले, निदान तेवढे तरी शिक्षणाच्या रूपाने जनतेला परत द्यावे, अशी त्यांची मागणी होती.

करवसुली केवळ पैशातच होते असेही नाही. महार वतनापायी तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात सरकार रात्रंदिवस राबवून घेई. हे श्रमही सक्तीने घेतलेला करच होता. म्हणून १९२८ साली बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. १९३७ साली कोकणातील कुळे आणि सरकार यांच्यामधील खोतांची मध्यस्थी नष्ट करण्याचे विधेयकही त्यांनी मांडले. त्या वेळी दोन्ही प्रयत्नांना यश आले नाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. तो पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण वसतिगृहातच झाले. तेथील ताटात वाढलेली भाकरी हा कोणाचा उपकार नव्हता. आपल्या आजा-पणजांनी सारा भरला होता, अबकारी दिली होती, वेठ सोसली होती. त्यातलेच थोडेसे त्यांच्या नातवंडांकडे परत आले. सोलापूरच्या त्या ४० रुपयांचाही अर्थ हाच. तो हिशेब बाबासाहेबांनी आपल्याला शिकविला. पुढच्या पिढीसाठी तो चोख मागणे आणि आपल्या संस्थांचा पैसाही तितक्याच चोखपणे खर्च करणे, हेच त्यांना खरे अभिवादन होय.