सुतारकन्या मारी युखाच

१९ फेब्रुवारी १९१९ चा दिवस. जर्मनीतील वायमार या गावी राष्ट्रीय सभा भरली होती. एक एकोणचाळीस वर्षांच्या बाई बोलावयास उभ्या राहिल्या. त्या देशाच्या संसदेत स्त्रीने भाषण करण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुरुषांबरोबर स्त्री-सभासदांनाही त्यांनी संबोधिले मात्र, सभागृहात हशा पिकला! बाई पुढे बोलत राहिल्या. मताचा हक्क दिल्याबद्दल स्त्रियांनी सरकारचे आभार मानण्याचे कारण नाही. अन्यायाने अडवून ठेवलेले होते तेच मिळाले आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

या मारी युखाच. जन्म १५ मार्च १८७९, लँड्सबर्ग येथे. (हे गाव आता पोलंडात आहे.) वडील सुतार. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. मग घरकाम, कारखाना, मनोरुग्णांच्या इस्पितळात शुश्रूषा, आणि शेवटी शिवणकाम. १९०३ साली एका शिंप्याशी लग्न झाले, पण संसार टिकला नाही. दोन मुले घेऊन, धाकट्या बहिणीसह, त्यांनी बर्लिन गाठले.

भगिनींनो, या दोघी बहिणींचे बिऱ्हाड मला फार मोलाचे वाटते. एलिझाबेथ आणि मारी एकत्र राहत, घरी शिवणकाम करून पोट भरीत आणि सभांना जात. मुलांकडे पाहणारे घरचे माणूस असले म्हणजे बाईला उंबरठा ओलांडता येतो, हे आपणांस काय सांगावे? १९०८ पर्यंत प्रशियात स्त्रियांना राजकीय पक्षाचे सभासदही होता येत नसे. कायदा बदलताच मारीबाई समाजवादी लोकशाही पक्षात गेल्या. १९१९ च्या निवडणुकीत दोघी बहिणी निवडून आल्या!

महायुद्धाच्या प्रश्नावर पक्ष फुटला, तेव्हा त्या युद्धखर्चास संमती देणाऱ्या बहुमताकडे राहिल्या. १९१७ साली क्लारा झेटकिन यांना दूर करून स्त्रियांच्या पत्राचे संपादन त्यांच्याकडे दिले गेले. ही गोष्ट मला तरी खटकते.

पण १३ डिसेंबर १९१९ रोजी त्यांच्या पुढाकाराने कामगार-कल्याण संस्था निघाली. वरून टाकलेला दानधर्म नको, कष्टकऱ्यांनी एकमेकांस हात द्यावा, हा तिचा पाया. शिवणवर्ग, जेवणाची सोय, सल्ला केंद्रे अशी कामे गावोगावी उभी राहिली.

१९३० साली एलिझाबेथ वारल्या. १९३३ साली हिटलरचे राज्य आले, संस्था मोडली आणि मारीबाईंना देश सोडावा लागला. आधी सार प्रांत, मग फ्रान्स, आणि १९४१ साली मार्तिनिक बेटावरून न्यूयॉर्क. साठी उलटल्यावर त्या इंग्रजी शिकू लागल्या. युद्ध संपल्यावर तेथूनच उद्ध्वस्त जर्मनीतील लोकांना मदत पाठविण्याच्या खटपटीत होत्या.

१९४९ साली सत्तरीच्या मारीबाई मायदेशी परतल्या. संस्था पुन्हा उभी राहिली होती. तिने त्यांना मानद अध्यक्षपद दिले. १९५५ साली त्यांनी आपल्या चळवळीतील स्त्रियांची चरित्रे लिहून प्रसिद्ध केली, आणि २८ जानेवारी १९५६ रोजी ड्यूसेलडॉर्फ येथे त्यांचे निधन झाले.