दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म : १७ जानेवारी १९०५, डहाणू, मृत्यू : १९८६, देवळाली) हे मराठी शालेय शिक्षक आणि मनोरंजक गणिताचे अभ्यासक होते. अंकांची कोडी सोडवण्याचा बालपणीचा छंद त्यांनी आयुष्यभर जोपासला आणि त्यातून संख्यांचे अनेक नवे गुणधर्म शोधून काढले. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक', 'कापरेकर संख्या', 'स्वयंभू संख्या', 'हर्षद संख्या' आणि 'डेम्लो संख्या' हे त्यांचे शोध जगभरच्या गणितप्रेमींना परिचित आहेत. गणिताचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेतील नोकरी सांभाळून त्यांनी हे सारे संशोधन केले.

बालपण आणि शिक्षण

कापरेकर यांचा जन्म मुंबईच्या उत्तरेस समुद्रकिनारी असलेल्या डहाणू या गावी झाला. आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले आणि पुढे वडिलांनीच त्यांचा सांभाळ केला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती. ज्योतिषाला उच्च गणित लागत नाही. परंतु आकडेमोड सतत करावी लागते. घरातील या वातावरणामुळे आकड्यांशी त्यांची लहानपणीच ओळख झाली.

माध्यमिक शिक्षणासाठी ते ठाण्यास गेले. तेथे गणिती कोडी सोडवण्यात आणि आकडेमोडीच्या सोप्या, जलद पद्धती शोधण्यात त्यांचे तासन्‌तास जात. उत्तर मिळाले की कोडे संपले, असे ते मानत नसत. ते उत्तर तसेच का आले, दुसरी संख्या घेतली तर काय होईल, अंक उलटे लिहिले तर काय होईल, असे प्रश्न ते स्वतःला विचारत. त्यांच्या पुढील संशोधनाची पद्धत हीच राहिली.

१९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे १९२७ मध्ये विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी दिले जाणारे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. पदवी संपादन केली. विद्यापीठीय शिक्षण येथेच थांबले.

अध्यापन

१९३० पासून १९६२ मध्ये सेवानिवृत्त होईपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ वर्षे, कापरेकर यांनी देवळाली येथे शिक्षक म्हणून काम केले. देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. संशोधन ग्रंथालय नाही, गणितज्ञांचा सहवास नाही, अशा ठिकाणी त्यांचे साहित्य म्हणजे कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ. संख्यांविषयीची आपली ओढ व्यसनासारखी आहे, हे ते स्वतःच मान्य करत असत. आपल्या पद्धती समजावून सांगण्यासाठी परिसरातील महाविद्यालयांतूनही त्यांना व्याख्यानांची निमंत्रणे येत.

कापरेकर स्थिरांक : ६१७४

कापरेकर यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध एका खेळाच्या रूपात मांडता येतो. ज्यातील सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या तयार करावी. मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या वजाबाकीवर हीच कृती पुन्हा करावी. संख्येत चारपेक्षा कमी अंक उरले, तर डावीकडे शून्य लिहून चार अंक पूर्ण करावेत.

उदाहरणार्थ, ३५२४ ही संख्या घेतल्यास :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

यानंतर ७६४१ − १४६७ = ६१७४, म्हणजे तीच संख्या पुन्हा येते आणि खेळ थांबतो. सुरुवातीची संख्या कोणतीही असो, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ हेच उत्तर येते.

यामागचे कारण शालेय बीजगणिताने समजू शकते. उतरत्या क्रमातील अंक क, ख, ग, घ मानले, तर वजाबाकी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढी येते. म्हणजे उत्तर चार अंकांवर नव्हे, तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ पर्यंत असू शकतो आणि दुसरा कधीही पहिल्यापेक्षा मोठा नसतो. अशा जोड्या फक्त ५४ होतात. त्यामुळे हजारो संख्या पहिल्याच पायरीला ५४ उत्तरांत गोळा होतात आणि त्या ५४ उत्तरांची एकेक करून तपासणी हाताने करता येते. ६१७४ साठी हे फरक ६ आणि २ आहेत : ९९९ × ६ = ५९९४ आणि ९० × २ = १८०, बेरीज ६१७४.

तीन अंकी संख्यांवर हीच कृती केल्यास ४९५ हा स्थिरांक मिळतो. दोन अंकी संख्यांत मात्र असा एकही थांबा नाही. तेथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. पाच अंकी संख्यांतही एकच एक स्थिरांक नसून चक्रे आढळतात. चार अंकांबाबत दिसणारी शिस्त सर्वत्र नाही, हे कळल्यावर ६१७४ चे वेगळेपण अधिक जाणवते.

कापरेकर यांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. त्याच वर्षी 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकन नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यात त्यांनी या कृतीला एकट्याने खेळायचा खेळ असेच म्हटले होते. ६१७४ च्या गुणधर्मावर त्यांची स्वतंत्र टिपण १९५५ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

कापरेकर संख्या

ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केली असता मूळ संख्या परत मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५; २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५; ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९; ४९४ + २०९ = ७०३. ९, ९९, ९९९ या संख्याही याच गटात येतात.

या संख्या पुष्कळदा जोडीने आढळतात. ४५ आणि ५५ यांची बेरीज १००, २९७ आणि ७०३ यांची १०००, तर २२२३ आणि ७७७७ यांची १०,००० होते. एकाला सात या संख्येने भागल्यावर येणाऱ्या आवर्ती दशांशातील १४२८५७ ही संख्याही या कुळातली आहे : तिचा वर्ग २०४०८१२२४४९ असून २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. आवर्ती दशांश हा कापरेकर यांच्या आवडीचा स्वतंत्र विषय होता.

स्वयंभू संख्या

एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. २३ मध्ये २ + ३ मिळवले की २८, २८ मध्ये २ + ८ मिळवले की ३८, मग ४९, ६२, ७० अशी साखळी चालते. येथे २३ ही २८ ची जनक झाली. १०१ या संख्येला तर दोन जनक आहेत : ९१ + १० आणि १०० + १. काही संख्यांना मात्र जनकच नसतो. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० ही संख्या मिळत नाही. अशा संख्यांना कापरेकर यांनी स्वयंभू संख्या म्हटले. त्यांच्या गावावरून त्यांना देवळाली संख्या असेही नाव मिळाले. शंभराच्या आत त्या १३ आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. या विषयावरील त्यांची पुस्तिका १९६३ मध्ये देवळालीहून प्रसिद्ध झाली.

हर्षद आणि डेम्लो संख्या

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला कापरेकर यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, हे संस्कृत नाव दिले. १२ ला ३ ने आणि १८ ला ९ ने भाग जातो. रामानुजन यांच्या नावाशी जोडलेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे : अंकांची बेरीज १९ आणि १७२९ = १९ × ९१. ६१७४ हीसुद्धा हर्षदच. तिच्या अंकांची बेरीज १८ असून भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन येतो. पाश्चात्त्य लेखनात या संख्यांना इव्हान निव्हेन या गणितज्ञाच्या नावाने निव्हेन संख्या असेही म्हणतात.

डेम्लो संख्यांचे नाव मध्य रेल्वेवरील, त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील, डोंबिवली स्थानकावरून आले आहे. या संख्यांची कल्पना त्यांना तेथे सुचली. १६५, २५५३, ४७७७३ या संख्यांत पहिल्या आणि शेवटच्या अंकांची बेरीज मधल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या अंकाइतकी असते. १२१, १२३२१, १२३४३२१ यांना ते अद्भुत डेम्लो संख्या म्हणत. त्या अनुक्रमे ११, १११ आणि ११११ यांचे वर्ग आहेत.

जादूच्या चौरसांवरही त्यांनी काम केले. कोपर्निकसच्या नावाने रचलेल्या चौरसाविषयी त्यांचा लेख १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात या विषयाची परंपरा जुनी असून नारायण पंडित यांच्या 'गणितकौमुदी' (इ. स. १३५६) या ग्रंथात चौरसांचे सविस्तर विवेचन आहे.

उपेक्षा आणि मान्यता

कापरेकर यांच्या हयातीत भारतातील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाला क्षुल्लक मानले. या आक्षेपाला आधार नव्हता असे नाही. त्यांचे बहुतेक शोध दशमान पद्धतीतील अंकांच्या मांडणीवर अवलंबून आहेत. दहाऐवजी दुसरा पाया घेतला की ६१७४ चे हे स्थान राहत नाही. शिवाय गणितात ज्याला महत्त्व असते त्या सर्वसाधारण सिद्धांतांपेक्षा त्यांच्या लेखनात उदाहरणे आणि निरीक्षणे अधिक असत. प्रतिष्ठित नियतकालिकांची दारे त्यामुळे क्वचितच उघडत. अनेक पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या आणि गणिताच्या परिषदांना जाऊन आपले शोध मांडले.

चित्र बदलले ते १९७५ मध्ये. त्या वर्षीच्या मार्चमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या गणिती खेळांच्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकर यांच्याविषयी लिहिले. गणिती कोडी लोकप्रिय करणाऱ्या लेखकांत गार्डनर यांचे स्थान फार वरचे होते. त्यांच्या सदरामुळे देवळालीतील निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. पुढे इतर गणितज्ञांनी त्यांच्या संख्यांचा वेगवेगळ्या पायांत अभ्यास केला, त्यांतील काहींविषयी सिद्धता दिल्या आणि निरीक्षणांना सिद्धांताचे रूप आले.

उत्तरायुष्य

१९६६ मध्ये पत्नीच्या निधनानंतर कापरेकर यांची आर्थिक ओढाताण वाढली. राहणी अतिशय साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेनासे झाले, तेव्हा गणित आणि विज्ञानाच्या खाजगी शिकवण्या घेऊन त्यांनी चरितार्थ चालवला. संख्यांचे काम मात्र थांबले नाही. चौरसावरील १९७४ चा लेख याच काळातला आहे. १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

६१७४ ची कृती आज शाळांतील गणित मंडळांत, कोड्यांच्या पुस्तकांत आणि संगणक प्रोग्रॅमिंगच्या सरावात सर्रास आढळते. तिला वजाबाकीपलीकडे काही लागत नाही, म्हणून चौथी-पाचवीचा विद्यार्थीही ती करू शकतो. हातच्याची वजाबाकी, शून्याचे स्थान आणि अंकांचा क्रम यांचा सराव तिच्यातून आपोआप होतो. चूक झाली तर ६१७४ बहुधा ठरल्या पायऱ्यांत येत नाही आणि मुलाला ती स्वतःच शोधावी लागते. मोठ्या विद्यार्थ्याला त्याच कृतीतून 'असे का होते' हा प्रश्न पडतो आणि तेथून सिद्धतेकडे जाता येते. इंग्रजीसह अनेक भाषांतील गणिती लेखनात कापरेकर हे आडनाव आता स्थिरांकाचे आणि संख्यांच्या एका प्रकाराचे नाव म्हणून रूढ आहे.