कुमार गंधर्वांचा क्षय आणि गाणे

अमुक राग ऐकला की रक्तदाब उतरतो, तमुक रागाने दमा जातो, असे संदेश मोबाइलवर सारखे फिरत असतात. असा एखादा संदेश पुढे पाठवण्याआधी पं. कुमार गंधर्वांचे आजारपण आठवायला हवे.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्यांचे मूळ नाव. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणीच मैफली गाजवणारा हा मुलगा पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकला. १९४७ मध्ये भानुमतींशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. वय पंचविशीच्या आत. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. सल्ला कठोर, पण योग्यच होता. गाताना श्वास जोर लावून सोडावा लागतो, खोकल्याप्रमाणे त्यातूनही सूक्ष्म तुषार हवेत जातात. आणि जखमी फुप्फुसाला तर विश्रांती हवी असते.

कोरडी हवा, सकस आहार आणि विश्रांती हाच तेव्हा क्षयावरचा मुख्य उपाय. म्हणून १९४८ च्या सुरुवातीला हे जोडपे माळव्यातील देवासला आले. पुढची पाचेक वर्षे बहुतेक अंथरुणातच गेली. शुश्रूषेचा भार भानुमतींवर होता. गाता येत नव्हते, पण कान शाबूत होते. बायकांची सणावारांची गाणी, फिरत्या साधूंची निर्गुणी भजने ऐकू येत. तीन-चार स्वरांत फिरणाऱ्या त्या धुना ते मनात घोळवत राहिले. मालवती, संजारी, लगनगंधार हे त्यांचे ‘धुनउगम’ राग याच ऐकण्यातून आले.

त्यांना बरे केले ते मात्र स्ट्रेप्टोमायसिनने. मातीतल्या जिवाणूपासून मिळणारे हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेत सापडले. ते क्षयाच्या जंतूंची प्रथिने बनण्याची क्रियाच बंद पाडते. गवयासाठी ते दुधारीच म्हणायचे, कारण त्याने कानाच्या नसेला कायमची इजा होऊ शकते. कुमारांचे कान वाचले. एक फुप्फुस निकामी झाले.

१९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. गाणे चालते ते सोडलेल्या श्वासावर. तो साठाच कमी झाल्यावर लांबलचक ताना कुठून येणार? छोट्या, टोकदार स्वराकृती, मध्येच थबकणे, ती जागा तंबोऱ्यांनी भरून काढणे, अशी त्यांची गायकी घडली. तिचे सगळे श्रेय आजाराला देणे बरोबर नाही. विचार त्यांचा स्वतःचा होता, फुप्फुसाने फक्त मर्यादा आखून दिली.

आजचा संगीतोपचारही औषधाच्या जोडीनेच चालतो. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या जुनाट रुग्णांना गटाने गायला शिकवतात, ते श्वासावर ताबा यावा आणि मन रमावे म्हणून. गोळ्या, पंप सुरूच असतात. क्षयाची औषधे तर आता करमाडसारख्या गावातल्या रुग्णालाही सरकारी आरोग्य यंत्रणेतून मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. बरे वाटू लागले म्हणून तो मध्येच सोडला, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच कुमारांचे निधन झाले. तोवर त्या एका फुप्फुसावर ते जवळजवळ चाळीस वर्षे गायले होते.