रंजना देशमुख : मराठी पडद्यावरची हसरी नायिका



परवा वर्गात मी एक सोपा प्रश्न विचारला. मराठी चित्रपटातले विनोदी कलाकार कोण कोण, ते पटापट सांगा. फळ्यावर नावं भराभर येत गेली. दादा कोंडके, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, राजा गोसावी. बारा-तेरा नावं झाली आणि मग मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या लक्षात आलं, की यात बाईचं नाव एकही नाही. सगळा वर्ग गप्प! म्हणून आज आपण एका अशा अभिनेत्रीचं जीवन बघणार आहोत, जिचं नाव त्या फळ्यावर पहिल्या पाचात असायला हवं होतं. तिचं नाव रंजना.

जन्म आणि घरचं वातावरण

रंजना देशमुख यांचा जन्म 23 जुलै 1955 रोजी झाला. अभिनय त्यांना घरातूनच मिळाला, असं म्हटलं तरी चालेल. आई वत्सला देशमुख या चित्रपटात आणि रंगभूमीवर काम करायच्या. 1972 साली आलेल्या 'पिंजरा' चित्रपटात तुम्ही त्यांना बघू शकता. त्याच चित्रपटाची नायिका संध्या म्हणजे रंजनांची सख्खी मावशी आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम हे मावशीचे यजमान. म्हणजे घरात पाहुणे आले तरी गप्पा सिनेमाच्याच!

पण मित्रांनो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. घरचं नाव मोठं असलं की दार लवकर उघडतं, हे खरं. पण आत गेल्यावर उभं राहायचं ते स्वतःच्याच पायांवर. आई आणि मावशी दोघींशी तुलना होणार, हे ठरलेलंच होतं. रंजनांनी ती तुलना टिकू दिली नाही.

चित्रपटातली सुरुवात

1975 साली 'चंदनाची चोळी अंग अंग जाळी' या चित्रपटातून त्या मोठ्या भूमिकेत दिसल्या. 1977 साली व्ही. शांताराम यांचा 'चानी' आला. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. चानी ही कोकणातल्या एका गावातली मुलगी. बाप इंग्रज, आई गावातली. तिचा रंग वेगळा, डोळे वेगळे आणि म्हणून अख्खं गाव तिला दूर लोटतं. पुढच्याच वर्षी अनंत माने यांच्या 'सुशीला'मध्येही त्यांची भूमिका गंभीरच होती. आता अशा भूमिका करणारी नटी पुढे लोकांना पोट धरधरून हसवेल, असं कुणाला वाटलं असेल का?

विनोदाकडे वळण

आपल्याकडे जुन्या चित्रपटांत एक पद्धतच होती बघा. विनोद करायचा तो नायकाने किंवा नायकाच्या मित्राने. नायिकेने बाजूला उभं राहायचं, लाजायचं, गाणं म्हणायचं आणि शेवटी लग्न करायचं. फार तर एखादी भांडकुदळ आत्या किंवा सासू हसवून जायची. नायिका देखणी असावी, विनोदी असू नये, असाच जणू नियम होता.

रंजनांनी हा नियम मोडला. अशोक सराफ यांच्यासारखा कसलेला विनोदवीर समोर असताना त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या नाहीत. त्याने टाकलेला चेंडू त्या तिथल्या तिथे परतवायच्या. 'गोंधळात गोंधळ', 'गुपचूप गुपचूप', 'बिनकामाचा नवरा' हे त्यांचे चित्रपट आजही लोक आवडीने बघतात. 'एक डाव भुताचा' या चित्रपटातही त्या होत्या. या चित्रपटाचे लेखन विनोदी कथाकार द. मा. मिरासदार यांचे आहे.

'बिनकामाचा नवरा' हा चित्रपट 1984 चा. नावातच सगळं आलं. नवरा आळशी आणि संसाराचा गाडा ओढणार बायको. ही गोष्ट खरं तर रडण्याची आहे, कारण अशी घरं आपण आपल्या गल्लीतही बघतो. पण रंजना ती अशी रंगवतात, की आपण हसतो आणि हसता हसता त्या बाईचे कष्टही आपल्याला दिसतात. त्याच वर्षीच्या 'मुंबईचा फौजदार'मध्ये त्या खेड्यातून आलेली साधीभोळी बायको झाल्या. तिच्या भोळेपणाचं हसू येतं, पण तिची कीवही येते. विनोद करताना त्या पात्राला लहान करत नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

एकाच वेळी हसू आणि आसू

1981 च्या सुमारास एकीकडे 'गोंधळात गोंधळ'सारखा धमाल विनोदी चित्रपट आला, तर दुसरीकडे राजदत्त दिग्दर्शित 'अरे संसार संसार'. दुसऱ्या चित्रपटात रंजना शेतकऱ्याची बायको आहेत. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतचा सगळा हाल-अपेष्टांचा प्रवास त्यांनी त्यात उभा केला. या दोन्ही चित्रपटांतल्या भूमिकांसाठी त्यांना राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. एक हसवण्यासाठी, एक रडवण्यासाठी! असं भाग्य फार थोड्या कलाकारांच्या वाट्याला येतं.

तो अपघात

1987 साल. रंजना तेव्हा बत्तिशीच्या आतबाहेर होत्या आणि हाताशी भरपूर काम होतं. चित्रीकरणासाठी बंगळुरूकडे जात असताना त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. जीव वाचला, पण पाय कायमचे गेले. त्यानंतरचं आयुष्य चाकांच्या खुर्चीवर.

मित्रांनो, विनोदी अभिनय नुसता तोंडाने होत नाही, बरं का. चालणं, अडखळणं, झटकन वळणं, पदर खोचून अंगावर धावून जाणं, यात निम्मा विनोद असतो. रंजनांचं ते सगळं एका दिवसात हिरावलं गेलं. वर्षाला कितीतरी चित्रपट करणारी नायिका घरात बसून राहिली. सिनेमाचं जग थांबत नाही. नवे चेहरे आले, नवे विनोदी चित्रपट आले आणि हळूहळू त्यांची चर्चा कमी होत गेली.

तरीही त्यांनी हार मानली नाही. काही वर्षांनी 'फक्त एकदाच' या नाटकातून त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. चाकांच्या खुर्चीत बसूनच. चित्रपटात चूक झाली तर पुन्हा घेता येतं. नाटकात समोर माणसं बसलेली असतात, सगळं त्याच क्षणी करावं लागतं. पाय नसताना अशा रंगमंचावर जायला केवढं धाडस लागलं असेल, याचा विचार तुम्हीच करा.

3 मार्च 2000 रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय अवघं 44.

आपण काय घ्यायचं?

माझ्या लहानपणी हर्सूलमध्ये आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता. दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागला की ते घर भरून जायचं, उरलेली माणसं खिडकीतून बघायची. रंजना पडद्यावर आल्या की बायका सगळ्यात मोठ्याने हसायच्या, हे मला अजून आठवतं. एरवी याच बायका चार माणसांत तोंडावर पदर घेऊन हसायच्या. ते तसं का होतं, हे मला खूप उशिरा कळलं. पडद्यावर कुणीतरी त्यांच्यासारखीच बाई मोकळेपणाने हसवत होती, म्हणून त्या मोकळ्या हसत होत्या.

दरवर्षी स्नेहसंमेलनाला विनोदी नाटुकली बसवताना मी पात्रं विचारतो. मुलांचे हात लगेच वर होतात. मुली राणी व्हायला तयार असतात, आई व्हायला तयार असतात, पण हसवणारं पात्र नको असतं. लोक काय म्हणतील, ही भीती. खरं तर मधल्या सुट्टीत आम्हा गुरुजींच्या सगळ्यात झकास नकला मुलीच करतात, हे आम्हाला ठाऊक आहे!

तेव्हा मुलींनो, या वर्षी हात वर करा. आणि मुलांनो, त्या हसवतील तेव्हा मनापासून हसा. परवाच्या फळ्यावर सगळ्यात खाली मी थोडी जागा ठेवली होती. तिथे आता रंजना हे नाव लिहिलंय. त्याच्याखाली अजून जागा आहे.