रानवाटांचा वाटसरू, वाघांचा कैवारी : जिम कॉर्बेट

उत्तराखंडात रामगंगेच्या काठी पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानाला ज्यांचे नाव आहे, ते जिम कॉर्बेट नरभक्षक वाघांचे शिकारी म्हणून जगभर ओळखले जातात. मात्र त्यांना घडवले ते कुमाऊँ-गढवालच्या पायवाटांनी, नद्यांनी आणि रानातल्या अखंड भटकंतीने.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. त्यांचे छत्र जिम यांच्या बालपणीच हरपले. हिवाळा सुरू झाला की हे कुटुंब डोंगर उतरून कालाढुंगीच्या घरी राहायला येई. तेथील रानात हिंडताना ओल्या वाळूवरील ठसे वाचणे आणि प्राणी-पक्ष्यांचे इशारे ओळखणे हा मुलगा शिकला. पुढे रेल्वेत नोकरी लागली आणि बिहारमधील मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचे काम त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. तरीही पहाडाची ओढ सुटली नाही.

१९०७ मध्ये त्यांनी चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारले. तिने ४३६ बळी घेतल्याची नोंद आहे. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर दहशत पसरवणारा रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये त्यांच्या गोळीला बळी पडला. त्याआधी अलकनंदेवरील झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर त्यांनी अनेक रात्री जागून काढल्या होत्या. दुर्गम खेड्यांपर्यंतची ही पायपीट ते बहुधा एकट्यानेच करीत.

या भटकंतीतला त्यांचा दुसरा आनंद म्हणजे गळ. पहाडी नद्यांच्या खळाळत्या प्रवाहात महाशीर माशाशी झुंजणे त्यांना मनापासून आवडे. मासा गळाला लागण्याइतकेच भोवतालचे रान, पाणी आणि पाखरे यांचेही मोल आहे, असे ते मानत.

कॉर्बेट यांनी केवळ नरभक्षकच मारले, असे मात्र नाही. १९३० मध्ये त्यांनी टिपलेला पवलगढचा प्रसिद्ध वाघ माणसांच्या वाटेला गेलेला नव्हता. परंतु त्याच सुमारास बंदुकीची जागा कॅमेरा घेऊ लागला होता. छायाचित्रकार एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांच्या कामाने प्रभावित होऊन ते वाघांचे चित्रीकरण करू लागले. जंगलतोड आणि हौशी शिकार थांबली नाही, तर वाघ उरणार नाही, ही जाणीव त्यांच्या मनात पक्की झाली. १९३६ मध्ये भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान ‘हेली’ या नावाने अस्तित्वात आले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

१९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या पुस्तकाने त्यांना जागतिक कीर्ती मिळवून दिली. १९४७ च्या अखेरीस भगिनी मॅगी यांच्यासह त्यांनी भारत सोडला. कालाढुंगीजवळ त्यांनी वसवलेल्या छोटी हल्द्वानी गावातील जमीन ती कसणाऱ्यांकडेच राहिली. १९ एप्रिल १९५५ रोजी केनियातील न्येरी येथे त्यांचे निधन झाले.

स्वतंत्र भारताने १९५७ मध्ये त्या उद्यानाला कॉर्बेट यांचे नाव दिले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा आरंभही तेथूनच केला. कालाढुंगीचे त्यांचे घर आज संग्रहालय आहे. रानडुकरांपासून पिके वाचावीत म्हणून त्यांनी गावाभोवती बांधून घेतलेली दगडी भिंत आजही तेथे पाहायला मिळते.