अकरा सेकंदांचे उड्डाण

बाल्साच्या पातळ पट्ट्या जोडून, त्यांवर कागद ताणून आणि आत रबराचा पीळ भरून मुले जे छोटेसे विमान उडवितात, त्याकडे आपण थोर माणसे सुट्टीतील करमणूक म्हणूनच पाहतो. या खेळण्याच्या जनकाचे नाव आल्फोन्स पेनो. विमानविद्येच्या इतिहासात त्याचे स्थान मानाचे आहे. परंतु त्याच्या चरित्राचा शेवट कोणत्याही सुसंस्कृत समाजाला अंतर्मुख करणारा आहे.

पेनोचा जन्म १८५० साली पॅरिसमध्ये झाला. वडील फ्रेंच नौदलात अॅडमिरल. मुलानेही समुद्राची वाट धरावी हे ओघानेच आले असते. परंतु कमरेच्या सांध्याच्या विकाराने तो अधू झाला आणि नौदलाचे दार त्याला बंद झाले. कुबड्यांच्या आधाराने चालणाऱ्या या तरुणाने मग आकाशाचा ध्यास घेतला.

त्या काळी लहान प्रतिकृतींना गती देण्यासाठी धनुष्याची दोरी किंवा घड्याळाची स्प्रिंग वापरीत. स्प्रिंगचे वजनच इतके असे की, तिची बरीचशी शक्ती स्वतःला उचलण्यात खर्ची पडे. पेनोने १८७० साली पिळलेल्या रबराचा उपयोग केला. रबर वजनाच्या मानाने पुष्कळ शक्ती साठविते आणि पीळ उलगडताना पंखा फिरविते. या साध्या युक्तीने त्याचे छोटे हेलिकॉप्टर हवेत चढले.

पुढचे वर्ष फ्रान्सला विलक्षण कठीण गेले. प्रशियाकडून पराभव झाला, पाठोपाठ पॅरिसमध्ये यादवी माजली आणि मे महिन्यात त्युइलेरीचा राजवाडा जळाला. त्याच राजवाड्याच्या उद्यानात १८ ऑगस्ट १८७१ रोजी पेनोने जाणकारांसमोर आपले प्लानोफोर हे विमान सोडले. पंखांचा विस्तार सुमारे ४५ सेंटिमीटर, एकूण वजन १६ ग्रॅम आणि त्यातील रबर अवघे ५ ग्रॅम. ते अकरा सेकंद हवेत राहिले.

अकरा सेकंदांत काय मोठेसे झाले, असे कोणी विचारील. महत्त्व केवळ उडण्याला नव्हते. कोणाच्याही हाताविना तोल सांभाळून उडण्याला होते. पंखांची टोके वर वळविलेली असल्याने विमान एका बाजूला कलले तरी सावरे. शेपटीचे आडवे पाते पंखांपेक्षा कमी कोनात बसविलेले असल्याने नाक खाली गेले की वेग वाढून शेपटी दाबली जाई आणि नाक पुन्हा वर येई. हे तत्त्व इंग्लंडच्या जॉर्ज केली यांना पूर्वीच उमगले होते. पेनोने ते स्वतंत्रपणे शोधले आणि लोकांसमोर सिद्ध करून दाखविले.

१८७६ साली त्याने पॉल गोशो या यंत्रज्ञाच्या साहाय्याने दोन माणसांना वाहून नेणाऱ्या विमानाचे एकस्व घेतले. जमिनीवरून तसेच पाण्यावरून उडण्याची सोय, आत ओढून घेता येणारी चाके, चालकासाठी काचेचे आवरण, सुकाणू व उंची यांसाठी एकच दांडा – पुढे कित्येक दशकांनी रूढ झालेल्या गोष्टी त्या आराखड्यात होत्या. नव्हते ते एवढेच : पुरेसे हलके इंजिन आणि पैसा.

पैशासाठी त्याने अनेक दारे ठोठावली. वाफेवर चालणारे हवाई जहाज १८५२ साली उडविणारे आंरी जिफार यांच्याकडूनही त्याला साहाय्य मिळाले नाही. खचलेल्या पेनोने आपले आराखडे एका लहान शवपेटीत घालून जिफार यांच्या घरी पोचविले आणि ऑक्टोबर १८८० मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले.

जिफार यांना खलनायक ठरविणे न्यायाचे होणार नाही. त्या इंजिनांच्या युगात हे विमान बहुधा उडालेही नसते. परंतु विमान बांधण्यास पैसा नसणे वेगळे आणि बुद्धिमान संशोधकाला त्याचे प्रयोग चालू ठेवण्यापुरताही आधार नसणे वेगळे. पहिल्यात काळाचा दोष असतो, दुसऱ्यात समाजाचा.

या कथेला एक उत्तरार्ध आहे. १८७८ साली अमेरिकेत एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी पेनोच्या धर्तीचे खेळणे आणले. कागद, बांबू, बूच आणि रबर यांचे ते हेलिकॉप्टर मोडल्यावर मुलांनी स्वतः तशीच बनविली. मोठी बनविलेली मात्र नीट उडेनात. कारण आकार दुप्पट केला की शक्ती आठपट लागते, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. पेनोची वाटही याच गणिताने अडविली होती. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे पहिले उड्डाण बारा सेकंद टिकले. पेनोच्या खेळण्यापेक्षा एकच सेकंद अधिक.

संशोधनाला अनुदान देताना त्याचा तात्काळ उपयोग काय, हा प्रश्न आपल्याकडेही प्रथम विचारला जातो. तो विचारूच नये असे नाही. परंतु १८७१ साली त्याचे उत्तर देणे पेनोलाही शक्य नव्हते, आणि बत्तीस वर्षांनी ते मिळाले तेव्हा ऐकायला तो उरला नव्हता.